एक अधिकारी, अडीच लाख माणसं : चिंग काळातल्या चिनी तालुक्याविषयी वाचकांचे प्रश्न

चिंग राजवटीत (१६४४ ते १९१२) चीनमधल्या तालुक्याचा कारभार खरोखर कोणाच्या हाती होता, सरकारच्या की तिथल्या प्रतिष्ठितांच्या? या विषयावरच्या पत्रांतले निवडक प्रश्न यावेळी घेतले आहेत. चिनी 'शिएन'ला आम्ही सरळ तालुका म्हटलं आहे. पगार आणि सारा 'लियांग' या चांदीच्या वजनात दिला आहे. एक लियांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, आपल्या सव्वातीन तोळ्यांच्या आसपास.

एवढ्या मोठ्या देशात दर तालुक्याला सरकारचा एकच अधिकारी होता असं वाचलं. मग कामं कोण करत असे? (नाशिक)

बादशहाने नेमलेला, न्याय आणि सारा दोन्हींसाठी जबाबदार असा अधिकारी एकच, हे खरं आहे. त्याच्या हाताखाली एखाददुसरा नेमणुकीचा दुय्यम असे, तोही सगळीकडे नसे. असे तालुके सुमारे १,३००. त्याच पातळीचे इतर विभाग धरले तर दीड हजारांच्या आसपास. १८५० च्या सुमारास लोकसंख्या ४० कोटींच्या वर गेली होती. म्हणजे सरासरीने एका अधिकाऱ्यामागे अडीच ते तीन लाख माणसं.

त्यातून तो परका. स्वतःच्या प्रांतात नेमणूक घ्यायला बंदी होती. शेजारच्या प्रांतातही घरापासून ५०० ली, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरच्या आत चालत नसे. मुदत नावाला तीन वर्षांची, प्रत्यक्षात बदली अनेकदा त्याआधीच. दक्षिणेच्या क्वांगतुंग प्रांतात उत्तरेकडचा अधिकारी आला तर समोर उभ्या शेतकऱ्याचं बोलणं त्याला दुभाष्याशिवाय कळत नसे. हे सगळं मुद्दाम केलेलं होतं. त्याने स्थानिक घराण्यांशी सोयरीक जुळवू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

मग कचेरी, चिनी भाषेत यामेन, चालायची तीन प्रकारच्या माणसांवर. पहिले खासगी सल्लागार. एक कायद्याचा, एक साऱ्याचा, असे किमान दोन. चेच्यांग प्रांतातल्या शाओशिंगचे लोक या कामात नावाजलेले. त्यांचा पगार अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जाई. दुसरे कारकून, हे स्थानिक. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांना सरकारी पगारच नव्हता. तिसरे शिपाई, वर्षाला जेमतेम सहा लियांग मिळवणारे. शिपाई 'हीन' गणले जात आणि त्यांच्या मुलांनाही परीक्षेला बसता येत नसे. मंजूर शिपाई पन्नासएक. प्रत्यक्षात मोठ्या तालुक्यात ही संख्या कित्येक शेकड्यांवर जाई.

आणि खुद्द साहेबाचा मूळ पगार? सामान्य तालुक्यात वर्षाला ४५ लियांग. सल्लागार त्याच्या कितीतरी पट घेई. हा हिशेब जुळतच नाही, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या न जुळणाऱ्या हिशेबात आहेत.

चीनमधले 'शेनशी' म्हणजे आपल्याकडच्या देशमुख-देशपांड्यांसारखे वतनदार समजायचे का? (सातारा)

ही तुलना मनात येणं साहजिक आहे, पण नेमक्या महत्त्वाच्या जागी ती मोडते. देशमुखी हे वतन होतं. बापाकडून मुलाकडे जायचं, त्यात हिस्से पडायचे, ते विकलंही जायचं. राज्य बदललं तरी वतनदार सहसा टिकून राहायचा. शेनशी म्हणजे सरकारी परीक्षेची पदवी असलेले स्थानिक प्रतिष्ठित. हा दर्जा परीक्षेतून मिळे आणि त्या माणसाबरोबरच संपे. ज्यूरेनचा, म्हणजे प्रांतिक परीक्षा पास झालेल्याचा, मुलगा नापास झाला की कायद्याच्या नजरेत तो साधा रयत.

पहिली पायरी शंगयुआनची. तालुका, जिल्हा आणि प्रांताचा शिक्षणाधिकारी अशा तीन टप्प्यांच्या चाचण्या, दर तीन वर्षांत दोनदा. दर तालुक्याच्या जागा ठरलेल्या: मोठ्याला वीस, मधल्याला पंधरा, लहानाला सात-आठ. बसणारे शेकड्यांनी, कुठे कुठे हजारांनी. त्याच्या वर प्रांतिक परीक्षेचा ज्यूरेन, आणि पेकिंगच्या परीक्षेतून जिनशी. नोकरी मिळायची ती मुख्यतः वरच्या दोघांना. शंगयुआन बहुतेक गावातच राहायचे, मुलं शिकवायचे, कागद लिहून द्यायचे, तंटे तोडायचे. याशिवाय शंभरावर लियांग भरून 'जियानशंग' ही पदवी विकतही घेता येई. व्यापाऱ्यांच्या घरांत ती बरीच दिसे. १८५० च्या आधी सगळे मिळून असे पदवीधारक सुमारे ११ लाख असावेत, हा इतिहासकारांचा बहुधा सर्वांत जास्त वापरला गेलेला अंदाज आहे.

मिळायचं काय? वेठीतून सुटका. टोपीवर धातूचा मणी. अधिकाऱ्याकडे थेट जाण्याची मुभा. आणि साध्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कचेरीत बांबूचे फटके नाहीत. आधी शिक्षणाधिकाऱ्याकडून पदवी काढून घ्यावी लागे, मगच हात लावता येई. शेतसारा मात्र माफ नव्हता. या मुद्द्यावर पुष्कळांचा घोटाळा होतो.

घराणी तरीही पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती कशी? वारसा सगळ्या मुलांत सारखा वाटला जाई, त्यामुळे मोठी जमीन दोन-तीन पिढ्यांत तुकडे तुकडे होई. त्यावरचा उपाय म्हणजे कुळाच्या नावाने ठेवलेली, विकता न येणारी सामायिक जमीन. सूचौच्या फान कुळाची अशी संस्था १०५० पासूनची. तिच्या उत्पन्नातून कुळातल्या गरिबांना धान्य मिळे आणि हुशार मुलांना परीक्षेचा खर्च. अमुक एक मुलगा पास होईल याची खात्री कोणालाच नव्हती. पण चाळीस मुलांत एकजण पास झाला की साऱ्या कुळाला कचेरीचं दार उघडं.

सरकारने दिलेला दर्जा सरकार काढूनही घेत असे का? की ती नुसती धमकी? (कोल्हापूर)

घेत असे. आमच्या मते चिंग सत्तेची खरी पकड इथेच होती, पोलिसात किंवा फौजेत नव्हती.

१६५२ मध्ये देशातल्या प्रत्येक सरकारी विद्यालयात एक आडवा शिलालेख बसवला गेला. आठ कलमं. विद्यार्थ्यांनी लष्करी वा लोकांच्या कामाबाबत अर्ज करू नयेत, मंडळं काढू नयेत, स्वतःचं लिखाण मनमानी छापू नये, कचेरीच्या पायऱ्या विनाकारण झिजवू नयेत. शंगयुआन झालं म्हणजे सुटलं असंही नव्हतं. शिक्षणाधिकारी तीन वर्षांच्या फेरीत पुन्हा परीक्षा घेई आणि सहा प्रती, म्हणजे श्रेणी, लावी. पहिल्या प्रतीत आलेल्याला जागा रिकामी असेल तर विद्यावेतन मिळे. सहाव्या प्रतीत आलेल्याचं नाव कटे.

सर्वांत मोठा तडाखा १६६१ चा. जियांगनान या यांगत्सेच्या मुखाकडच्या सधन मुलखातल्या सूचौ, सुंगच्यांग, चांगचौ आणि चेनच्यांग या चार जिल्ह्यांत साऱ्याची बाकी असलेल्या पदवीधारकांची यादी निघाली. तेरा हजारांहून अधिक नावं. सरसकट दर्जे गेले, काहींना बेड्या पडल्या. १६५९ च्या राजवाड्यातल्या परीक्षेत देशात तिसरा आलेला कुनशानचा यए फांगआय हाही त्यात सापडला. त्याची बाकी एका नाण्याएवढी. 'तिसरा आलेला एका दिडकीच्याही मोलाचा नाही' अशी म्हणच तिथे पडली. आधीच्या मिंग राजवटीत याच जिल्ह्यांतल्या घराण्यांनी सवलतींच्या आडून सारा बुडवायची वहिवाट पाडली होती. नव्या मांचू, म्हणजे चिंग, सरकारने ती एका फटक्यात मोडली.

दुसरा प्रसंग १७२४ चा, पीत नदीकाठच्या हनान प्रांतातला. नदीच्या बांधाच्या कामात पदवीधारकांनीही हिस्सा द्यावा असा हुकूम निघाला. फंगच्यू तालुक्यातल्या विद्यार्थ्यांनी परीक्षेवरच बहिष्कार टाकला. योंगझेंग बादशहाने म्होरक्यांना देहदंड दिला. परीक्षा हा बादशहाने दिलेला मान होता; तो नाकारणं म्हणजे त्याच्या लेखी बंडच.

पण या हत्याराची एक मर्यादा होती. दर्जा काढायला आधी माहिती हवी, आणि माहिती देणार कोण? तेच कारकून, आणि तीच प्रतिष्ठित मंडळी.

महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून विचारतो. सारा प्रत्यक्ष कसा वसूल व्हायचा आणि गळती कुठल्या सांध्यावर व्हायची? (पुणे)

प्रश्न मनापासून आवडला, म्हणून सविस्तर.

कागदावरची पद्धत नीटनेटकी होती. वर्षाचे दोन हप्ते: पहिला दुसऱ्या महिन्यापासून, दुसरा आठव्यापासून अकराव्यापर्यंत, मधले शेतीच्या घाईचे महिने मोकळे. आधी खातेदाराला जमीन, दर, देय रक्कम असलेली चिठ्ठी मिळायची. मग पाच-दहा खातेदारांची नावं असलेली यादी एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची. ज्याने भरलं त्याने ती पुढे द्यायची, ज्याने नाही भरलं त्याच्याकडे ती अडकायची आणि कोण थकला ते आपोआप कळायचं. कचेरीसमोर लाकडी पेटी. खातेदाराने चांदी स्वतः कागदात बांधायची, वर नाव आणि वजन लिहायचं आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकायची. पावती तीन भागांची: एक कचेरीला, एक वसुलीच्या माणसाकडे, एक खातेदाराला. कारकुनाचा हात पैशाला लागू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

आता सांधे.

पहिला, चांदीचा. शेतकरी बाजारात माल विकून तांब्याची नाणी मिळवे, सारा चांदीत. अधिकृत भाव एका लियांगला हजार नाणी. १८४० च्या दशकात तोच दोन हजारांवर गेला. साऱ्याचा आकडा तसाच राहिला, शेतकऱ्याच्या घरातून मात्र दुप्पट नाणी जाऊ लागली. वर कचेरीचा ठरलेला सोनार वितळवणावळ घेई.

दुसरा, त्या वितळवणावळीचाच. सुटे तुकडे वितळवून लगडी करताना घट येते, ती भरून काढायला जादा आकार घ्यायचा. याला हुओहाओ म्हणत. घट असायची शेकडा एक-दोन, आकार कितीतरी जास्त. ४५ लियांग पगारावरच्या अधिकाऱ्याला दुसरा रस्ताच नव्हता. योंगझेंगने १७२४ मध्ये हे चोरून घेणं थांबवून उघड केलं: दर ठरवला (बहुतेक ठिकाणी शेकडा दहा ते वीसच्या दरम्यान), रक्कम प्रांताच्या तिजोरीत आणली आणि त्यातून अधिकाऱ्यांना 'सचोटी टिकवण्याचा' भत्ता दिला. तालुक्याच्या अधिकाऱ्याला तो प्रांतानुसार वर्षाला चारशेपासून दोन हजार लियांगपर्यंत मिळे. आमच्या मते चिंग काळातली ही सर्वांत शहाणी सुधारणा. पण भत्ता गोठला, भाव वाढत गेले, आणि एकोणिसाव्या शतकात जुन्या आकारावर नवा आकार चढला.

तिसरा सांधा धान्याचा. यांगत्सेकाठच्या प्रांतांसह आठ प्रांतांतून वर्षाला ४० लाख 'शी' (हे धान्याचं माप) धान्य कालव्याने पेकिंगला जायचं. ते मापून घ्यायचं. मापावर शीग लावायची, मग मापाला लाथ मारायची म्हणजे दाणे खाली बसतात आणि पुन्हा भरावं लागतं. जमिनीवर सांडलेलं धान्य शेतकऱ्याने उचलायचं नाही, ते मापणाऱ्याचं. पाऊस असला तर 'दाणा ओला आहे' म्हणून गाडी परत. दोन दिवस गोदामाबाहेर मुक्काम झाला की मापणारा म्हणेल तो दर शेतकरी कबूल करायचा.

आणि चौथा सांधा, जिथे स्थानिक प्रतिष्ठित आत येतो. शंगयुआनचं माप कोणी लाथेने हलवत नसे, कारण तो वर तक्रार लिहू शकत होता. मग शेजारी त्याला म्हणत, आमचाही सारा तुमच्या नावाने भरा. तो त्यांच्याकडून कचेरीच्या मागणीपेक्षा कमी घेई, कचेरीत त्याहून कमी भरे, मधला फरक त्याचा. याला बाओलान म्हणत. कायद्याने बंदी होती, पण दोन्ही बाजूंना परवडत होतं. जियांगनानमध्ये यातून दोन वर्ग पडले: 'मोठी घरं' कमी दराने भरणारी आणि 'लहान घरं' त्यांची तूटही भरणारी. काही पदवीधारक तर गप्प बसण्याचे पैसे धान्यवसुलीच्या हंगामात कचेरीतून घेत. दरवर्षी थोडी थोडी लहान घरं मोठ्यांच्या पंखाखाली जात. उरलेल्यांवर भार वाढे. ती आणखी जात. १८४२ मध्ये हुपेइच्या छुंगयांगमध्ये आणि १८४४ मध्ये हुनानच्या लेइयांगमध्ये यावरूनच उठाव झाले. छुंगयांगच्या उठावाचा म्होरक्या चुंग रन्च्ये हा स्वतः शंगयुआन होता.

या सगळ्याच्या मुळाशी १७१२ चा कांगशी बादशहाचा निर्णय आहे. डोईपट्टीचा आकडा त्याने कायमचा गोठवला, पुढे ती जमिनीच्या साऱ्यात मिसळली. हेतू दयाळू होता. पण पुढल्या दीड शतकात लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली आणि सरकारचं उत्पन्न त्या मानाने वाढलं नाही, तालुके वाढले नाहीत, मंजूर नोकरही वाढले नाहीत. वाढलेलं काम वरकड वसुलीवर आणि प्रतिष्ठितांच्या भरवशावरच चालणार होतं.

दहा-दहा घरांना एकमेकांवर नजर ठेवायला लावणारी बाओजिया पद्धत खरंच चालत होती का? (औरंगाबाद)

थोडा काळ, काही ठिकाणी. दहा घरांचा एक गट, दहा गटांचा जिया, दहा जियांचा बाओ. दारावर घरातल्या माणसांची पाटी. पाहुणा आला तरी नोंद. म्होरक्या रयतेतलाच हवा, पदवीधारक नको, हा नियम मुद्दाम होता. प्रतिष्ठितांना तोल देणारी दुसरी साखळी उभी राहावी म्हणून. फसलं तेही यामुळेच. ज्याच्या दारी स्वतःला जाता येत नाही त्या शेनशीची नोंद हा म्होरक्या घेणार कशी? शिपाई त्याला राबवून घ्यायचे, गुन्हा घडला की फटके त्यालाच. मान असलेला माणूस हे काम टाळायचा आणि पाट्या जुन्या होत जायच्या.

एखाद्या गरीब शेतकऱ्याची जमीन शेनशीने दाबली, तर त्याला दाद मिळायची का? (बेळगाव)

दार बंद नव्हतं, पण उंबरठा उंच होता. दिवाणी अर्ज महिन्यातल्या ठरावीक दिवशीच, तेही चौथ्या ते सातव्या महिन्यात बंद (खून-दरोडा सोडून). अर्ज चौकटी छापलेल्या कागदावर, परवाना असलेल्या लेखनिकाच्या शिक्क्यानिशी. नोंदणीचे पैसे वेगळे. समन्स घेऊन निघालेल्या शिपायाला गवती चपलांचे पैसे, होडीचे पैसे, जेवण. शेनशीला स्वतः हजर राहायची गरज नसे. तो नोकराला किंवा नातलगाला पाठवी.

अधिकारी बऱ्याचदा अर्जावर दोन ओळींचा शेरा मारून तो कुळाच्या वडीलधाऱ्यांकडे परत पाठवी, म्हणजे पुन्हा त्याच प्रतिष्ठितांकडे. तरीही अर्ज करण्याला अर्थ होता, आणि लोक तो करत. सिचुआनच्या पा तालुक्यासारख्या ठिकाणच्या कचेरीची हजारो प्रकरणं आजही शिल्लक आहेत, त्यांत विधवा आहेत, कुळं आहेत, हमाल आहेत. अर्ज दाखल झाला की गावातली तडजोड हलायला लागे, कारण शेनशीलाही वरच्या चौकशीत आपलं नाव नको असे.

हा तोल बिघडला कधी? (मडगाव)

तैपिंग बंडात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर राजवटीविरुद्ध झालेल्या मोठ्या उठावात. मार्च १८५३ मध्ये नानकिंग बंडखोरांच्या हाती पडलं. सरकारी फौजा निकामी ठरल्या. त्याआधी काही आठवडे हुनानमध्ये आईच्या सुतकासाठी घरी आलेल्या त्सेंग ग्वोफान या बड्या अधिकाऱ्याला स्थानिक पलटणी उभारायचा हुकूम मिळाला होता. ज्या नियमाने अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूक मिळत नव्हती, तोच इथे बाजूला पडला. शंगयुआन सरदार झाले, त्यांनी ओळखीचे नाईक निवडले, नायकांनी आपल्या गावची पोरं. निष्ठा सरकारपेक्षा ओळखीच्या माणसाशी.

पैसाही तसाच उभा राहिला. १८५३ मध्येच यांगचौजवळ मालावर शेकडा एकची जकात सुरू झाली, लीजिन. काही वर्षांत ती बहुतेक प्रांतांत पसरली. नाके आणि कोठ्या चालवायला बऱ्याच ठिकाणी स्थानिक शेनशी. ती रक्कम जुन्या साऱ्यासारखी पेकिंगच्या हिशेबात बसत नव्हती. आता प्रतिष्ठितांच्या हाती माणसं, बंदुका आणि वसुली तिन्ही आल्या, आणि बंड मोडल्यावर यांतलं सगळं परत घेता आलं नाही.

१९०५ मध्ये परीक्षाच बंद झाली. शिक्षणाच्या दृष्टीने त्याची कारणं समजण्यासारखी होती. पण दर्जा द्यायचा आणि काढायचा, ही सरकारच्या हातातली एकमेव दोरी त्यासरशी सुटली. १९०९ च्या प्रांतिक सभांत हीच मंडळी निवडून आली, आणि १९११ मध्ये एकामागून एक प्रांत राजवटीपासून फुटले तेव्हा पुष्कळ ठिकाणी तीच पुढे होती.

शान्शीतलं फिंगयाओ पाहायला जाणार आहोत. तिथल्या जुन्या कचेरीत काय बघावं? (ठाणे)

वेळ असेल तर हनानमधली नेइशियांगची कचेरीही जोडा. दोन्हीकडे दक्षिणेच्या दारातून आत शिरून सरळ उत्तरेकडे चालत जा. आतल्या दरवाजाला दोन्ही अंगांना लहान दारं असतात: पूर्वेचं माणसांचं, पश्चिमेचं 'भुतांचं', म्हणजे फाशीच्या कैद्यांचं. पुढच्या चौकात दोन्ही हातांना कारकुनांच्या खोल्या. पूर्वेला नेमणुका, सारा, विधी. पश्चिमेला लष्कर, दंड, बांधकाम. सगळ्यात जास्त वर्दळ साऱ्याच्या खोलीत असायची, तिथे थोडं थांबा.

मुख्य दालनासमोर एक दगड किंवा कमान दिसेल, अक्षरं अधिकाऱ्याच्या आसनाकडे तोंड केलेली. सोळा अक्षरं आहेत: तुझा पगार म्हणजे प्रजेची चरबी, खालच्यांना छळणं सोपं, वरच्या आभाळाला फसवणं कठीण. चिंगच्या कित्येक शतकं आधीच्या सुंग काळापासून हा मजकूर कचेऱ्यांत लावला जात होता.

नेइशियांगच्या दालनात खाली फरशीकडे पाहा. वादी आणि प्रतिवादी यांनी गुडघे टेकायचे दोन दगड आहेत. शंगयुआन तिथे उभा राहून बोलत असे.